जिवंत पोवळी, नग अकरा

मंडईत एखाद्या बाईच्या गळ्यात काळ्या मण्यांत ओवलेली लाल पोवळी दिसली, की कोथरूडची ती फिर्याद मला आजही जशीच्या तशी आठवते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, एकदा विहिरीत उतरून पंचनामाही केला. त्यापुढे ही फिर्याद म्हणजे काहीच नाही. रक्त सांडलं नाही, साधं कुलूपसुद्धा तुटलं नाही. तरी कुणी ‘एखादी केस सांगा ना’ म्हणालं की मी हीच सांगते. ऐकणाऱ्याचा जरा हिरमोड होतो. होऊ दे.

माझं शिक्षण दहावीपर्यंत. शिपाई म्हणून भरती झाले आणि खात्यांतर्गत परीक्षा देत देत फौजदार झाले. कायदा शिकले तो ठाण्यातल्या जुन्या फायली वाचून, आणि माणसं शिकले ती समोरच्या बाकावर बसलेल्यांकडून. त्यामुळे माझ्या लिहिण्यात काही इकडंतिकडं झालं तर सांभाळून घ्या. नावं कुणाचीच सांगणार नाही. कुणाला ओळख पटली तर त्यांनीही गप्प राहावं.

हिंजवडीत काचेच्या इमारती उठत होत्या तेव्हाची गोष्ट. कोथरूडमध्ये दर दोन घरांआड एक मुलगा संगणकाच्या कंपनीत होता आणि त्यातले निम्मे अमेरिकेत. आईवडील इथं तीन खोल्यांत, आणि मुलानं हौसेनं घेतलेल्या वस्तू त्यांच्या राखणीत. मे महिना होता. मी आठवडाभर शिवाजीनगरच्या कोर्टात एका जुन्या खटल्यात साक्षीला जात होते. परत ठाण्यात रुजू झाले तेव्हा माझ्या टेबलावर ही फाईल आली होती. नुसती आली नव्हती, जवळजवळ संपत आली होती.

फिर्यादी पाटबंधारे खात्यातले निवृत्त अभियंते. वय सत्तरच्या आसपास, पत्नी वारलेली, मुलगा आणि सून अमेरिकेत. फिर्याद त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून आणली होती, सुवाच्य अक्षरात, समास सोडून. त्यात म्हटलं होतं की माझ्या मुलाच्या मालकीची जिवंत पोवळी, नग अकरा, रंग निरनिराळे, अज्ञात इसमाने काढून नेली असून त्या जागी पांढरे दगड ठेवले आहेत. घरात कामाला येणाऱ्या बाईवर संशय आहे.

ठाणे अंमलदार होते आमचे हवालदार. साताऱ्याकडचे, कामाला चोख, मनानं सरळ. त्यांनी ‘पोवळी’ वाचलं आणि दागिना समजले. यात त्यांची काय चूक? त्यांच्या घरी पोवळं म्हणजे मंगळासाठी अंगठीत घालायचं ते. ‘जिवंत’ म्हणजे काय, हे मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, “अस्सल असणार मॅडम. सोनाराची भाषा असंल.”

“आणि ही होती कुठं?”

“माशांच्या काचेच्या पेटीत. पाण्याखाली. लोकं तांदळाच्या डब्यात ठेवतात, यांनी माशात ठेवली.”

घटनास्थळाचा पंचनामाही त्यांनी तसाच केला होता. काचेच्या पेटीत पाणी, पाण्यात मासे नग सहा, पांढरे दगड नग अकरा, पोवळी मिळून आली नाहीत.

पुढं खबर मिळाली. खबर देणारे सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी सांगितलं, की ही बाई दर शनिवारी झाकलेली जड बादली घेऊन जिन्यानं खाली उतरते आणि फाटकाबाहेर जाते. झालं. हवालदारांनी दोन पंच घेतले आणि बाईच्या खोलीची झडती घेतली. तर खरोखरच पोवळी सापडली! काळ्या मण्यांत ओवलेली, लाल, नग नऊ. मुद्देमाल म्हणून जप्त झाली. मोजताना दोरा आडवा येत होता म्हणून दोरा कापला आणि मणी वेगळे, पोवळी वेगळी अशा दोन पुड्या बांधून लाखेचं सील लावलं. नऊ मिळाली, दोन राहिली. त्या दोनसाठी बाईला तीन दिवस सकाळी बोलावून संध्याकाळच्या आत घरी सोडत होते. नोकराने केलेली चोरी म्हणून कलम ३८१ लागलं होतं. माझी सही झाली की अटक.

बाई बाकावर बसली होती. पस्तिशीची, यवतमाळकडची. नवरा बांधकामावर. एकाच सोसायटीत चार घरची धुणीभांडी करायची. झडती झाली त्याच दिवशी उरलेल्या तिन्ही घरांनी तिला येऊ नकोस म्हणून सांगितलं आणि वॉचमननं फाटक बंद केलं. मी तिला आधी पाणी दिलं. आमच्या ठाण्यातलं माठाचं पाणी गार असायचं, एवढं एक सांगते.

ती रडली नाही. दोन दिवस रडून झालं असावं. म्हणाली, “ते माह्या मायचं हाय जी. मेली तवा तिच्या गळ्यातलं काहाडून देलं मले. तुमच्या मानसानं दोरा कापला.”

बादलीचं विचारलं. तर दर शनिवारी त्या पेटीतलं थोडं पाणी काढून नवीन घालतात. काढलेलं पाणी खारट. आजोबांनी, म्हणजे फिर्यादींनी, ते आधी गॅलरीच्या मोरीत ओतलं, तर खालच्या मजल्यावरची तगर जळाली आणि भांडण झालं. म्हणून ती बादली बाहेरच्या गटारात न्यायची. झाकण यासाठी, की जिन्यात सांडलं तर सेक्रेटरीच ओरडतात. सेक्रेटरींनी खबर देताना ही बाजू वगळली होती. माणसं खोटं फार कमी बोलतात, अर्धं बोलतात. हे मी ठाण्यातच शिकले.

तिचा जबाब आधीच लिहून झाला होता. मी वाचला. आमच्या लिखापढीच्या मराठीत तिची सगळी वऱ्हाडी धुऊन निघाली होती. त्यात एक वाक्य होतं, ‘एक वाजता आजोबा सर्व बंद करून झोपतात व त्यानंतर मी निघून जाते.’ मी त्यावर नजर टाकली आणि पुढं गेले. हे वाक्य लक्षात ठेवा, मी ठेवलं नाही.

सही करण्याआधी मी म्हटलं, जागा एकदा बघून येऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला गेले. दाराबाहेर पाटी होती. ‘दुपारी १ ते ४ घंटी वाजवू नये. तातडीचे काम असल्यास चार वाजता यावे.’

आत गेले आणि थबकले. बैठकीच्या खोलीत भिंतभर काचेची पेटी. वर झगझगीत दिवे, खाली कपाटात यंत्रं, घर्रर्र असा सतत आवाज. आवाज इतका, की मला बोलायला जरा सूर चढवावा लागला. पाण्यात निळे-पिवळे मासे आणि दगडांवर पांढऱ्याशुभ्र फांद्या, कांद्यासारखे गोळे, पंख्यासारख्या चकत्या. शुभ्र म्हणजे अगदी मिठासारख्या.

“काका, ह्यात दागिने ठेवायचं काय कारण?” मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला दहावीचा भूमितीचा पेपर आठवला. “दागिने? बाई, मी पोवळी लिहिलं आहे. आपल्या हवालदारांना मराठी येत नाही का?”

“म्हणजे कोरल?”

“मराठीत शब्द असताना इंग्रजी कशाला वापरायचा?”

मी खाली बसले. बसणं भागच होतं. एका माणसानं शुद्ध मराठीचा आग्रह धरला, दुसऱ्यानं तीच मराठी आपल्या गावाच्या अर्थानं वाचली, आणि तिसरीच्या आईची पोत आमच्या मुद्देमाल खोलीत सीलबंद पडली होती.

ती पुडी सोडवायची तर चोरी झालीच नाही किंवा दुसऱ्यानं केली, हे कागदावर यावं लागणार होतं. नुसतं मला पटून उपयोग नव्हता. मी काकांना सगळं सांगायला सांगितलं आणि त्यांनीही मन लावून सांगितलं. मुलगा वर्षभरासाठी गेला तेव्हा त्यानं छापील चार पानं देऊन ठेवली होती. समुद्राचं पाणी घरी बनवायचं, मीठ विशिष्ट, मोजून. पाणी उडून पातळी खाली गेली की गोडं पाणी भरायचं, कारण पाणी उडतं, मीठ उडत नाही. दिवा किती तास, पाण्याला लाटेसारखा धक्का देणारा पंप कुठल्या बाजूला, चुन्याचं प्रमाण मोजायच्या बाटल्या. पोवळ्यांना हात लावायचा नाही. आणि पाणी सव्वीस अंशांच्या आसपास ठेवायचं. त्यासाठी खाली गार करायचं यंत्र होतं, ते तापलेली हवा खोलीत फेकत होतं. काकांची वही होती. रोज सकाळी नऊ आणि रात्री नऊ, तापमान, पातळी, शेरा. आयुष्यभर धरणाच्या पाण्याच्या नोंदी केलेला माणूस. खाडाखोड नाही. सगळीकडे सव्वीस, कुठं साडेसव्वीस.

“मला या प्राण्यांतलं काही कळत नव्हतं,” ते म्हणाले. “पण तो दर रविवारी फोन करतो तेव्हा आधी यांची चौकशी करतो, मग माझी. मी नीट सांभाळली होती. मागच्या महिन्यापर्यंत गुलाबी होती, हिरवी होती. मग एकेक करून कुणीतरी बदलली. पांढरी केली.”

“मुलाला सांगितलं?”

“चोर सापडल्यावर सांगेन.”

त्यांच्याकडून मी मुलाचा नंबर घेतला आणि संध्याकाळी ठाण्यातून फोन लावला. तिथं सकाळ होती. मी ओळख सांगितली. कोरल म्हटलं आणि पलीकडे त्याचा सूर बदलला. मग तो भरभर बोलू लागला. मॅडम, बाबांना काही कळत नाही, इट्स नो बिग डील, तुम्ही ती कम्प्लेंट प्लीज क्लोज करा, कुणावर केस नको. वस्तू त्याची, नुकसान त्याचं, आणि केस नको म्हणतोय! ज्याचं चोरीला जातं तो पोलिसांना इतक्या घाईनं घालवत नाही. आता बाईवरचा माझा संशय गेला आणि मुलावर आला. खोटं का सांगू.

कात्रजच्या पुढं प्राणिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहायचे. सापांच्या एका प्रकरणात त्यांची मदत झाली होती. मुलानं जाण्यापूर्वी पेटीचे फोटो काढून काकांच्या टेबलाच्या काचेखाली ठेवले होते. ते मी मागून घेतले, आमच्या फोटोग्राफरकडून आजचे काढून घेतले, वहीच्या झेरॉक्स घेतल्या आणि त्यांच्याकडे गेले.

त्यांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवले. चष्मा काढला, घातला. एका फांदीचं टोक तुटलेलं होतं, जुन्या फोटोतही आणि नव्यातही. “बाई, कुणी काही नेलं नाही,” ते म्हणाले. “ही तीच आहेत.”

मग त्यांनी मला समजेल असं सांगितलं. हे कठीण पोवळं म्हणजे दगडाचं घर बांधून राहणारा बारीक जीव. दगड पांढराच असतो. त्यावर त्याचं पातळ, पारदर्शक अंग. त्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उजेडात अन्न बनवून त्याला देतं, आणि रंग प्रामुख्यानं त्याच्यामुळे दिसतो. पाणी तापलं की ते नातं बिघडतं, पोवळं त्या शैवालाला बाहेर काढतं. मग पारदर्शक अंगातून खालचा पांढरा दगड दिसायला लागतो. “पांढरं झालं म्हणजे लगेच मेलं असं नाही. उपाशी आहे. लवकर गार पाणी मिळालं तर एखादं वाचेलही.”

“पण पाणी तापलं नाही. वही बघा.”

त्यांनी वही पाहिली. “वही चांगली आहे,” म्हणाले, “पण पोवळी वही वाचत नाहीत.”

निघताना त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. समुद्रातून ओरबाडून आणलेल्या या कठीण पोवळ्यांना वन्यजीव कायद्यानं संरक्षण आहे, वाघासारखंच. विकत घेणं गुन्हा, बाळगणंही गुन्हा. तो नियम येऊन फार दिवस झाले नव्हते आणि आमच्या ठाण्यात कुणाला ठाऊक नव्हता, मलाही नाही. मुलाला ठाऊक होता. म्हणून ती घाई.

असं ते प्रकरण उलटं झालं. ज्या घरातून तक्रार आली, गुन्हा त्याच घरात निघाला.

मी काकांना जाऊन फोटो दाखवले. त्यांनी ते पाहिले आणि परत दिले. “टोक तुटलेलं आहे हे मान्य. नक्कल करणारा टोकसुद्धा तोडेल. माझी वही पाहिलीत ना? पाणी एकदाही तापलेलं नाही. म्हणजे आपलं म्हणणं असं, की मी मारली?”

मी तसं म्हटलं नव्हतं. ते वाक्य त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा आलं.

प्रश्न तिथंच अडला. वनखात्याला पत्र मी त्याच दिवशी पाठवलं, ते माझं कामच होतं. पण बाईची फाईल बंद कशी करणार? फिर्यादी म्हणतो चोरी, प्राध्यापक म्हणतात उष्णता, वही म्हणते सव्वीस अंश. त्यातून निघणारा कागद ‘तपास लागला नाही’ असा निघाला असता, म्हणजे ‘अ’ समरी. चोरी खरी, चोर मिळाला नाही. आणि तसा कागद निघाला तर त्या सोसायटीत चोर कोण, हे सगळ्यांनी आधीच ठरवलं होतं.

दोन दिवसांनी कोर्टातलं काम लवकर आटपलं. मी कँटीनमध्ये बसून फाईल पुन्हा पहिल्या पानापासून वाचत होते. माझी ती सवय आहे, काही सुचेनासं झालं की पहिल्या पानावर जायचं. बाईच्या जबाबापाशी आले. ‘एक वाजता आजोबा सर्व बंद करून झोपतात.’ सर्व म्हणजे काय? दारंखिडक्या असंच आम्ही सगळ्यांनी धरलं होतं. बाई बाकावर बसून जे बोलली होती ते लिहिणाऱ्या शिपायाला मी फोन करून विचारलं, तिचे शब्द काय होते ते आठव. तो म्हणाला, “मॅडम, ती काहीतरी म्हणाली की एक वाजता आजोबा झोपते, मशीनही झोपते. मी नीट करून लिहिलं.”

घड्याळात दोन वाजून गेले होते. मी जीप मागवली.

अडीच वाजता घंटी वाजवली. तीनदा. काकांनी दार उघडलं, अंगात बंडी, डोळे तांबारलेले.

“पाटी वाचता येते का आपल्याला?”

“वाचली. तातडीचं काम आहे.”

“मग चार वाजता यायचं. तसंच लिहिलं आहे.”

मी आत शिरले. खोलीत पडदे ओढलेले, खिडक्या बंद, उकाडा असा की ब्लाऊज पाठीला चिकटला. वरचे दिवे त्यांच्या वेळेवर आपोआप लागायचे, ते तसेच झगझगत होते. आणि आवाज नव्हता. मला सूर चढवायची गरज पडली नाही. इतक्या हळू बोलले, की ते माझं मलाच जाणवलं.

“काका, आवाज कुठं गेला?”

“कसला आवाज?”

“मशीनचा.”

“तो दुपारी बंद करतो. एक ते चार. त्या घरघरीनं डोळ्याला डोळा लागत नाही. तीन तासांचा तर प्रश्न, चारला पुन्हा चालू करतो.” हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं, की जणू वामकुक्षी हा कुठल्याही तपासाच्या बाहेरचा विषय असावा.

“कधीपासून?”

“उन्हाळा लागल्यापासून. थंडीत ते गार करायचं यंत्र फारसं चालायचंच नाही.”

मी म्हटलं, “आत्ता किती आहे ते बघता का?”

ते पेटीपाशी गेले. काचेला चिकटवलेल्या तापमापकावर वाकले. चष्मा आतल्या खोलीत होता, तो आणायला गेले, आणि परत आल्यावर पुन्हा वाकले. मी घाई केली नाही.

“बत्तीस,” ते म्हणाले.

मग त्यांनी टेबलावरची वही उघडली, पेनचं टोपण काढलं आणि सकाळच्या नोंदीखाली लिहिलं, ‘दु. २.४०. ३२.’ शेऱ्याची जागा मोकळी सोडली. टोपण लावलं. सवयीनं लिहिलं असेल. पण त्या अख्ख्या वहीतली दुपारची ती पहिली नोंद होती. बाकी एकही नोंद खोटी नव्हती. सकाळी नऊला पाणी सव्वीसच असायचं, रात्री नऊलाही. मधे काय होत होतं ते पाहायला तिथं कुणी जागं नव्हतं.

त्यांनी खाली वाकून बटण दाबलं. यंत्र घरघरलं. त्या आवाजात ते काहीतरी बोलले, मला ऐकू आलं नाही. मी पुन्हा विचारलंही नाही.

आता माझ्यापुढं एक निवड होती. फिर्याद जाणूनबुजून खोटी असेल तर ‘ब’ समरी, आणि मग फिर्यादीवरच कारवाई. गैरसमजातून असेल तर ‘क’. हवालदार म्हणाले, “‘ब’ पाठवा मॅडम. त्या बाईचे हाल केले ह्यांनी.” मी म्हटलं, हाल आपणही केले, दोरा आपण कापला. पुढं दिवसभर त्यांनी चहा घेतला नाही, हे मी पाहिलं.

काकांना ठाऊक होतं का? मी त्यावर पुष्कळ विचार केला. मला वाटतं, ठाऊक नव्हतं, पण मनात कुठंतरी भीती होती. मुलानं हातात दिलेली एकच वस्तू, ती आपल्या हातून गेली, हे त्यांना सोसवत नव्हतं. म्हणून त्यांना पोवळी परत नको होती, चोर हवा होता. आणि चोर म्हटलं की आपल्याकडे पहिल्यांदा कुणाकडे बघायचं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. मी ‘क’ लिहिली.

पुरवणी जबाबासाठी मी त्यांना ‘सवडीनं या’ असा निरोप दिला. ते तिसऱ्या दिवशी दुपारी दीड वाजता आले. कोथरूडहून, उन्हात, चालत. मी घड्याळ पाहिलं, त्यांनी ते पाहिलं. “हल्ली झोपत नाही दुपारी,” एवढंच म्हणाले.

बाईलाही बोलावलं होतं, मुद्देमाल परत घ्यायला. ती बाकाच्या एका टोकाला बसली, ते दुसऱ्या. हवालदार लिहीत होते, ‘गैरसमजातून सदर फिर्याद दिली असून...’

“गैरसमज नको,” काका म्हणाले. “चूक लिहा. यंत्र मी बंद करत होतो. चूक. दीर्घ ऊकार.”

हवालदारांनी लिहिलं. मी पुड्या उघडल्या, पोवळी मोजून बाईच्या पदरात टाकायला गेले, तर ती म्हणाली, “मोजू नोका जी. मोजूनच नेलं होतं.” तिनं सगळे मणी एका मुठीत घेतले. मग उठली नाही. मला वाटलं, दोऱ्याचं काही म्हणेल. ती म्हणाली, “कागदावर नेलं, तं कागदावरच वापस द्या. माहं नाव.”

सोसायटीत सगळ्यांना तोंडी सांगू, असं मी म्हणत होते. तिनं मान हलवली. तिला कागद हवा होता. आमच्या कार्यपद्धतीत असा कागद नाही. समरी कोर्टाकडे जाते, बाकावर बसलेल्या बाईच्या हातात काही देत नाहीत.

काकांनी माझ्या टेबलावरचा कोरा कागद ओढला. समास सोडला आणि लिहिलं, की या बाईंनी माझ्या घरातून कधीही काहीही नेलेले नाही, त्यांच्यावर मी घेतलेला संशय ही माझी चूक होती. खाली सही, तारीख. मग थोडं थांबून वेळही घातली. दु. १.५०. मी शेजारी ठाण्याचा शिक्का मारला. नियमात बसत होतं की नाही, आता विचारू नका, पेन्शन सुरू झाली आहे.

बाईला वाचता येत नव्हतं. तिनं तो कागद त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतला. दुसऱ्यांदाही त्यांनी तो पूर्ण वाचला, तारीख-वेळेसकट.

वनखात्याची माणसं त्यानंतर आठवड्यानं आली. मुलावर त्यांनी रीतसर गुन्हा नोंदवला, तो परत आल्यावर पुढची कारवाई झाली. पोवळी तात्पुरती प्राध्यापकांच्या देखरेखीखाली गेली. तो आठवडाभर काका दुपारी एक ते चार पेटीसमोर खुर्ची टाकून बसायचे आणि दर अर्ध्या तासाला नोंद करायचे. न्यायच्या दिवशी त्यांनी मला बोलावून एका गोळ्याची कड दाखवली. तिथं फिकट तपकिरी छटा आली होती, करवंदाच्या डागाएवढी. अकरातलं तेवढं एक जगलं, असं प्राध्यापकांनी नंतर कळवलं. दारावरची पाटी तोवर निघाली होती. चार खिळ्यांची भोकं तशीच होती.

या केसनं मला काय शिकवलं, ते मोठं काही नाही. त्यानंतर मी प्रत्येक जागा दोन वेगवेगळ्या वेळी पाहिली, आणि त्यातली एक वेळ फिर्यादीला गैरसोयीची असेल अशी निवडली. आणि नवीन शिपायांना सांगत आले, की जबाब नीट करून लिहू नका. बोलणाऱ्याचं बोलणं जसंच्या तसं उतरवा. ‘मशीनही झोपते’ एवढे दोन शब्द तसेच राहिले असते तर ती बाई तीन दिवस बाकावर बसली नसती.

काही वर्षांनी ती मला मंडईत भेटली. गळ्यात तीच पोत, नव्या दोऱ्यात. त्या सोसायटीत ती पुन्हा गेली नाही. काकांनी दोनदा बोलावणं धाडलं होतं, तरी नाही. दुसरीकडं घरं धरली होती. मी विचारलं, तो कागद आहे का अजून? तिनं कमरेची पिशवी काढली, त्यातून प्लास्टिकची पुडी, पुडीतून चौघडी घातलेला कागद. घडीवर झिजला होता, पण शिक्का दिसत होता.

“दाखवावा लागला कधी कुणाला?”

“कोनी इचारलं नाई अजून,” ती म्हणाली आणि कागद पुन्हा होता तसा ठेवला. “पन इचारलं, तं हाय.”